चित्रकाराचा मायना : व्यक्तिचित्रकारांच्या पत्रव्यवहाराचे एक वाचन

मराठीतील पत्रवाङ्मयाचा विचार आजवर प्रामुख्याने दोन टोकांवरून झाला आहे. एका टोकाला वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून प्रसिद्ध केलेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या खंडांतील आणि वासुदेवशास्त्री खरे यांच्या ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’तील राजकीय पत्रे आहेत. ती इतिहासाची साधने म्हणून वाचली गेली आणि त्यांच्या गद्याकडे लक्ष गेले ते ओघानेच. दुसऱ्या टोकाला साने गुरुजींची ‘सुंदर पत्रे’ किंवा जी. ए. कुलकर्णी यांच्या पत्रांचे संग्रह आहेत. त्यांचे वाचन लेखकाच्या आत्माविष्काराच्या अंगाने होते. लोकहितवादींची १८४८ ते १८५० मधील ‘शतपत्रे’ तर पत्राचे रूप घेतलेले निबंधच होत. या दोन टोकांच्या मध्ये पत्रांचा एक फार मोठा प्रदेश पसरलेला आहे : वकिलाची, वैद्याची, मुद्रकाची, गवयाची, चित्रकाराची पत्रे. ही ‘कामाची पत्रे’ वाङ्मयीन अभ्यासाच्या कक्षेबाहेर राहिली. त्यांत ना राज्ये उलटतात ना मन उलगडते, अशी त्यामागची समजूत असावी.

दरबारी आणि उच्चभ्रू वर्तुळात वावरणाऱ्या व्यक्तिचित्रकाराच्या पत्रव्यवहाराकडे पाहिले असता ही समजूत टिकत नाही. या पत्रव्यवहाराचे वैशिष्ट्य असे की, त्यात सामाजिक पत्र आणि व्यावसायिक पत्र यांना वेगळे काढता येत नाही. गायकाला मैफलीत श्रोत्यांपासून अंतर राखता येते. व्यक्तिचित्रकाराला मात्र ज्याचे चित्र काढायचे त्याच्या समोर तासन् तास, तेही बहुधा त्याच्याच घरात, बसावे लागते. त्याची नजर त्या व्यक्तीच्या चेहऱ्यावर खिळलेली असते. एरवी ज्याच्याकडे मान वर करून पाहणे हा अविनय ठरावा, त्याच्याकडे रोखून पाहण्याचा परवाना चित्रकाराला मिळतो. आणि तो परवाना पत्रानेच मिळतो. म्हणूनच चहाचे निमंत्रण हे कामाची पहिली पायरी असते, कामाची विनंती भेटीच्या भाषेत केली जाते, आणि मोबदल्याचा उल्लेख पत्राच्या अगदी शेवटी, जणू आठवले म्हणून, येतो.

व्यक्तिचित्राचे काम पत्रांतून कसे पुढे सरकते हे प्रथम ध्यानात घ्यायला हवे. आरंभीचे पत्र सहसा चित्रकाराचे नसते. ते मध्यस्थाचे असते. दिवाण, रेसिडेंट, खाजगी कारभारी किंवा पूर्वी चित्र काढून घेतलेला एखादा संस्थानिक चित्रकाराची शिफारस करतो. मग आकार ठरतो : खांद्यापर्यंतचे, अर्धाकृती की पूर्णाकृती. दर आकारावर अवलंबून असल्याने आकाराची चर्चा म्हणजेच किमतीची चर्चा असते. ती मात्र किमतीची आहे असे कोणी म्हणत नाही. त्यानंतर बैठकींच्या तारखा येतात, आणि या तारखा मोडणारी पत्रे येतात. बैठक देणारा मोठा असेल तितक्या अधिक वेळा ती मोडते. पुढे चौकट, रेल्वेने पाठवणी, वाटेत रंगाला पोचलेला ओरखडा, प्रदर्शनासाठी चित्र काही दिवस परत मागणे, आणि सर्वांत शेवटी पोच व प्रशंसा. ही शेवटची प्रशंसा चित्रकार जपून ठेवतो, कारण पुढच्या गिऱ्हाइकाकडे जाताना तीच त्याची ओळख असते. बैठक देणारी स्त्री असेल तर यांतील जवळजवळ सर्व पत्रे तिच्या पतीची, वडिलांची किंवा चिटणिसाची असतात. चित्रात ती मध्यभागी आहे आणि पत्रव्यवहारात तिचे अक्षरही नाही, ही विसंगती या क्षेत्रात पुन्हा पुन्हा भेटते.

या सर्व पायऱ्यांवर एक प्रश्न सतत उपस्थित असतो, आणि तोच प्रस्तुत विवेचनाचा गाभा आहे : चित्रकाराला मायना कोणता लिहायचा?

मराठी पत्रलेखनाच्या परंपरेत हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. हेमाद्रीच्या नावावर चालत आलेल्या मेस्तकापासून दफ्तरी लेखनाचे जे संकेत घडत गेले, त्यांत कोणी कोणाला कसे लिहावे याला मजकुराइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व आहे. श्रेष्ठाला ‘सेवेसी विज्ञापना’, बरोबरीच्याला ‘अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री’ आणि ‘विनंती उपरी’, धाकट्याला ‘चिरंजीव’ आणि ‘आशीर्वाद’. मायन्यातला एक शब्द कमी पडला तर रुसवे होत, आणि एक शब्द वाढला तर त्याचे राजकीय अर्थ लावले जात. या व्यवस्थेत सरदाराला, शास्त्र्याला, सावकाराला, भिक्षुकाला जागा आहे. चिताऱ्याला तशी स्वतंत्र जागा नाही. तो कारखान्यातला माणूस. त्याच्याविषयी लिहिले जाते. त्याला पत्र लिहिले जाण्याचा प्रसंग विरळा. अमुक भिंत रंगवून घ्यावी, अमुक चितारी पाठवून द्यावा, अशा आज्ञांमध्ये तो कर्म म्हणून येतो, कर्ता म्हणून नव्हे.

पुण्याच्या दरबारात या व्यवस्थेला पहिला धक्का बसला तो एका स्कॉटिश चित्रकारामुळे. जेम्स वेल्स १७९१ मध्ये मुंबईत आला आणि रेसिडेंट सर चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने पेशव्यांच्या दरबारी पोचला. सवाई माधवराव, नाना फडणीस आणि महादजी शिंदे या तिघांची चित्रे त्याने काढली. वेल्सची रोजनिशी उपलब्ध आहे, आणि तिच्यात दरबारातील बैठकींच्या नोंदी आहेत. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, वेल्स दरबारात शिरला तो चितारी म्हणून नव्हे. तो वकिलातीच्या गोटातला साहेब होता. त्याला तख्तासमोर बसून रोखून पाहण्याचा अधिकार मिळाला तो मॅलेटच्या राजकीय पदामुळे. मॅलेटच्याच प्रयत्नाने शनिवारवाड्यात चित्रकलेची एक शाळा चालली आणि वेल्सच्या हाताखाली स्थानिक कारागीर शिकले. त्यांतील गंगाराम याने कार्ल्याच्या आणि वेरूळच्या लेण्यांची रेखाटने केली. इतिहासात तो गंगाराम तांबट म्हणून ओळखला जातो. शिक्षक जेम्स वेल्स, शिष्य गंगाराम ‘तांबट’. एकाच वाड्यात, एकाच कलेत वावरणाऱ्या दोघांपैकी एकाचे नाव व्यक्तीचे राहिले आणि दुसऱ्याचे त्याच्या जातिधंद्याला बांधले गेले.

वेल्स १७९५ मध्ये, ठाण्याच्या बाजूला, भिवंडीसमोरच्या साष्टी बेटावर मरण पावला. दरबाराचे जे भव्य चित्र त्याच्या रेखाटनांवरून व्हायचे होते, ते पुढे टॉमस डॅनियल याने १८०५ मध्ये इंग्लंडात पूर्ण केले. १७९० च्या तहाचा तो प्रसंग आज लंडनच्या टेट संग्रहात पाहावयास मिळतो.

यानंतरच्या शतकात जो चित्रकार सर्वार्थाने हिंदुस्थानच्या दरबारी जगाचा व्यक्तिचित्रकार ठरला, तो रविवर्मा (१८४८–१९०६). मराठी वाचकाच्या मनातील रविवर्मा बव्हंशी रणजित देसाई यांच्या १९८४ मधील कादंबरीतून आलेला आहे. तो प्रणयी, अभिजात, एकाकी असा कलावंत आहे. कादंबरीला तो अधिकार आहेच. परंतु पत्रव्यवहारातून आणि रोजनिशीतून जो रविवर्मा दिसतो, तो अखंड प्रवासात असलेला, तारखा सांभाळणारा, एकाच वेळी चार दरबारांची कामे हाती असलेला व्यवसायी माणूस आहे. आणि तो एकटा मुळीच नाही. त्याचा धाकटा भाऊ सी. राजा राजवर्मा (१८६०–१९०५) हा स्वतः निसर्गचित्रकार होता, भावाच्या चित्रांत काम करीत होता आणि व्यवहारही सांभाळत होता. त्याने १८९५ ते १९०४ या काळात इंग्रजीत लिहिलेली रोजनिशी एर्विन नॉयमायर आणि क्रिस्टीने शेलबर्गर यांनी संपादित केली आणि ती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. व्यक्तिचित्रकाराच्या सामाजिक आणि व्यावसायिक जीवनाचे इतके सलग साधन आपल्याकडे दुसरे क्वचितच असेल.

रविवर्म्याच्या उत्कर्षामागे एक मराठी भाषक मध्यस्थ उभा आहे, ही गोष्ट मराठी अभ्यासकांनी तरी विसरू नये. त्रावणकोरचे आणि नंतर बडोद्याचे दिवाण टी. माधवराव हे तंजावरी मराठी कुटुंबातले. त्यांच्यामुळे रविवर्मा बडोद्यास आला. सयाजीराव गायकवाड यांना २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्याधिकार प्राप्त झाले, त्या सुमाराच्या दरबारी चित्रांपासून बडोद्याशी त्याचा संबंध जुळला, आणि १८८८ मध्ये सयाजीरावांनी त्याला १४ पौराणिक चित्रांचे काम दिले. मध्यस्थाचे पत्र हा व्यक्तिचित्रकाराच्या व्यवसायाचा पाया असतो असे वर म्हटले, त्याचे याहून ठळक उदाहरण मिळणे कठीण.

माधवरावांचे रविवर्म्याला लिहिलेले एक पत्र चरित्रकारांनी वारंवार उद्धृत केले आहे. त्याचा आशय असा : आपली चित्रे मिळावीत अशी इच्छा असणारे मित्र पुष्कळ आहेत, दोन हातांनी इतकी मागणी पुरी होणे शक्य नाही, तेव्हा काही निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत छापील प्रती काढवून घ्याव्यात, त्यायोगे कीर्ती तर वाढेलच, परंतु देशाचीही सेवा घडेल. या पत्राची चर्चा नेहमी मुद्रणाच्या इतिहासाच्या संदर्भात होते, आणि ते योग्यच आहे. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला, पुढे कार्ल्याजवळ मळवलीला हललेला आणि १९०३ मध्ये फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेलेला छापखाना या सूचनेशी जोडला जातो. परंतु पत्र म्हणून पाहिले तर त्याची रचना अधिक बोलकी आहे. सूचना उघडउघड व्यापारी आहे : मालाला मागणी जास्त, पुरवठा कमी, तर उत्पादन वाढवा. पण दिवाण ती मांडतात ‘मित्रांच्या इच्छे’पासून, आणि संपवतात ‘देशसेवे’पाशी. मधला व्यापार या दोन सभ्य शब्दांच्या कुशीत लपवला आहे. चित्रकार हा राजघराण्याशी सोयरीक असलेला गृहस्थ; त्याला ‘धंदा वाढवा’ असे सांगता येत नाही. ‘गिऱ्हाईक’ हा शब्द टाळण्यासाठी ‘मित्र’ हा शब्द आला आहे. सामाजिक पत्राची भाषा व्यावसायिक पत्राला कशी झाकते याचा हा नमुना आहे. पत्राच्या परिणामाची कल्पना करायची तर दुकानांत, गिरण्यांत, यंत्रमागांच्या शेडमध्ये आजही टांगलेल्या लक्ष्मी-सरस्वतींकडे पाहावे. त्या छापील परंपरेचा एक मोठा झरा येथे आहे.

आणखी एक गोष्ट. मराठी मातृभाषेचा दिवाण मल्याळी चित्रकाराला लिहितो तो इंग्रजीत. याचे कारण केवळ भाषाभिन्नता नव्हे. इंग्रजी पत्राचा ‘डिअर सर’ हा मायना जात, धंदा, वय आणि सोयरीक यांपैकी कशाचीच चौकशी करीत नाही. ‘आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक’ ही अखेरची सही गव्हर्नरही करतो आणि कारकूनही. ती सर्वांनी वापरल्याने तिच्यातील सेवकत्व झिजून गेलेले असते. मराठीतील ‘सेवेसी’ तसे झिजलेले नव्हते. ते म्हणणाऱ्याला खरोखरच सेवेत उभे करीत असे. कारागीर आणि सभ्य गृहस्थ यांच्या सीमेवर उभ्या असलेल्या चित्रकाराला इंग्रजी मायन्याने एक तटस्थ जागा मिळवून दिली, असे म्हणण्यास आधार आहे. मराठीत हीच तटस्थता पुढे ‘रा. रा.’ या संक्षेपाने आणली. ‘राजमान्य राजेश्री’ एके काळी मोजक्यांना लाभत होते. छापील निमंत्रणपत्रिकांच्या आणि पोस्टाच्या काळात ते कोणाच्याही नावाआधी लागू लागले. मायन्याचे हे लोकशाहीकरण मराठी गद्याच्या इतिहासात दुर्लक्षित राहिले आहे.

राजा राजवर्म्याची रोजनिशी वाचताना पत्रव्यवहाराची दुसरी, अंधारी बाजू दिसते. नोंदी कोरड्या आहेत : कोणत्या चित्रावर काम केले, कोण भेटीस आले, कोणाकडे गेलो, कोणते नाटक पाहिले, प्लेगची बातमी काय. पण या कोरडेपणातून वाट पाहण्याचा एक दीर्घ सूर ऐकू येतो. १९०२ मध्ये दोघे भाऊ हैदराबादेस गेले. तेथे त्यांचे यजमान होते प्रख्यात छायाचित्रकार राजा दीनदयाळ. निजामाकडून काम मिळेल या आशेने ते थांबले, आणि पदरी निराशा घेऊन परतले. मुंबई-बडोदे-म्हैसूर येथे ज्यांच्यासाठी दारे उघडी होती, त्यांना येथे दाराशीच थांबावे लागले. औपचारिक पत्रांत अशा अपमानाला जागा नसते. पत्र पुन्हा नम्रच लिहावे लागते. ज्या गोष्टी पत्रात लिहिता येत नाहीत त्या रोजनिशीत उतरतात, म्हणून व्यक्तिचित्रकाराचा पत्रव्यवहार रोजनिशी शेजारी ठेवूनच वाचायला हवा. यजमान छायाचित्रकार होता हा योगायोगही अर्थपूर्ण आहे : कॅमेऱ्याला बैठक देण्यास काही क्षण पुरत, कुंचल्याला दिवसच्या दिवस लागत. ज्याला वेळ द्यायचा नाही त्याच्यासाठी कॅमेरा ही फार सोयीची गोष्ट होती.

मायन्याचा प्रश्न रविवर्म्याच्या बाबतीत १९०४ मध्ये अगदी उघड्यावर आला. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन याच्या हस्ते त्याला सम्राटाच्या वतीने ‘कैसर-ई-हिंद’ सुवर्णपदक मिळाले, आणि त्या प्रसंगी त्याचा उल्लेख ‘राजा रविवर्मा’ असा झाला. त्रावणकोरच्या महाराजांनी याला हरकत घेतली. किळिमानूरचे हे घराणे ‘कोयिल तंपुरान’, म्हणजे ज्या घराण्यातील पुरुषांशी त्रावणकोरच्या राजकन्यांचे विवाह होत असे. पण ते राजे नव्हेत. विशेष म्हणजे १९०० मध्येच रविवर्म्याच्या दोन नाती त्रावणकोरच्या राजघराण्यात दत्तक गेल्या होत्या. नाती राण्या होणार होत्या, आजोबाला मात्र ‘राजा’ म्हणवून घेण्याची मुभा नव्हती. हा वाद घराण्याच्या कुळाचाराचा म्हणून सोडून देता येईल. परंतु त्यामागे तोच जुना प्रश्न आहे : चित्रकाराला त्याच्या कलेमुळे मायना मिळतो, की जन्मामुळे? सरकारी कागदावर एकदा उमटलेला शब्द मग पुसला गेला नाही. आज ते नाव ‘राजा’शिवाय कोणी उच्चारीत नाही. देसाईंच्या कादंबरीचे शीर्षकही तेच.

येथून मराठी भाषेतच लिहिल्या गेलेल्या साधनाकडे वळता येते. महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांचे ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे आत्मकथन १९४० मध्ये प्रसिद्ध झाले. कोल्हापुरात जन्मलेले धुरंधर १८९० च्या जानेवारीत मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी म्हणून दाखल झाले, तेथेच शिक्षक झाले आणि १९३१ मध्ये निवृत्त झाले. १८९५ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना मिळाले. १९२७ मध्ये ते ‘रावबहादूर’ झाले. रविवर्म्यासारखी फिरती दरबारी कारकीर्द त्यांची नव्हती; ते सरकारी नोकर होते, आणि व्यक्तिचित्रे, संस्थानिकांची कामे, पुस्तकांची चित्रे, पोस्टकार्डे हे सर्व नोकरी सांभाळून चालत असे. एस. एम. एडवर्ड्‌झ यांचे मुंबईवरील पुस्तक (१९१२), सी. ए. किंकेड यांच्या दख्खनी कथा (१९१४), ऑटो रॉथफेल्ड यांचे हिंदी स्त्रियांवरील पुस्तक (१९२०) यांना धुरंधरांची चित्रे आहेत. हे तिघेही मुलकी सेवेतले अधिकारी. म्हणजे लेखक आणि चित्रकार यांचे नाते येथेही साहेब आणि हाताखालचा गुणी माणूस असेच सुरू होते.

या आत्मकथनाच्या शीर्षकातच एक प्रकारचे नोकरीचे दफ्तर आहे. आयुष्य मोजले आहे ते सेवेच्या वर्षांत. ग्रिफिथ्स, सेसिल बर्न्स, ग्लॅडस्टन सॉलोमन या प्राचार्यांची दाद, त्यांनी टाकलेला विश्वास, मोठ्यांनी केलेली प्रशंसा हे या लेखनाचे आधारस्तंभ आहेत. आजच्या वाचकाला हा सूर खुपतो. वरिष्ठांच्या शब्दांचे इतके मोल का, असा प्रश्न पडतो, आणि काही समीक्षकांना त्यात राजनिष्ठेपलीकडे काही दिसत नाही. हे वाचन अपुरे आहे. वर सांगितल्याप्रमाणे प्रशंसापत्र हे व्यक्तिचित्रकाराचे चलन होते. चित्र गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्यात निघून जाते. ते पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवता येत नाही. हाती उरते ते पत्र. चित्रकाराने पत्रे जपली याचा अर्थ त्याने आपल्या नजरेआड झालेल्या कामाची पावती जपली. धुरंधरांच्या आत्मकथनाला या दृष्टीने पाहिले तर ते केवळ कृतज्ञतेचे निवेदन राहत नाही. एका हिंदी शिक्षकाने युरोपीय प्राचार्यांच्या संस्थेत आपली जागा शब्दाशब्दाने कशी मिळवली याचा तो पुराव्यासह मांडलेला हिशेब ठरतो.

तरीही या प्रकारच्या लेखनाची एक मर्यादा मान्य केली पाहिजे. त्यात दुसऱ्यांनी चित्रकाराला काय लिहिले ते मिळते. चित्रकाराने काय लिहिले होते ते उत्तरावरून ताडावे लागते. पत्रव्यवहाराचा अर्धा भाग त्यामुळे प्रतिध्वनीसारखा आहे. राजकीय दफ्तरांत जावक पत्रांच्या नकला ठेवण्याची शिस्त होती. चित्रकाराच्या घरात ती असण्याचे कारण नव्हते. त्याची पत्रे संस्थानांच्या दफ्तरांत, कामाच्या फाइलींत, चौकटीच्या आणि गाडीभाड्याच्या पावत्यांशेजारी पडून राहिली. मराठीच्या अभ्यासकाने या दफ्तरांत जाण्यास हरकत नाही. तेथे जावे लागेल ते इतिहासकाराच्या शिस्तीने, पण वाचावे लागेल ते गद्याच्या जाणकाराच्या कानाने.

औंधचे उदाहरण थोडे निराळे आहे, कारण तेथे आश्रयदाता स्वतःच चित्रकार होता. बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) स्वतः चित्रे काढीत, कीर्तन करीत, आणि १९३८ मध्ये त्यांनी उभारलेल्या वस्तुसंग्रहालयात धुरंधरांसह अनेक मराठी चित्रकारांची कामे आहेत. चित्रकार आणि संस्थानिक यांच्यातील अंतर अशा ठिकाणी कलेच्या सामायिक भाषेने कमी होते. अर्थात ते नाहीसे होत नाही. जो राजा रेखाटनातील चूक दाखवू शकतो, तो अधिक समजूतदार गिऱ्हाईक असतो आणि अधिक अवघडही. याच औंधला १९१८ मध्ये श्रीपाद दामोदर सातवळेकर (१८६७–१९६८) येऊन राहिले. वेदांचे भाष्यकार म्हणून त्यांची कीर्ती झाली, त्याआधी ते जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले व्यक्तिचित्रकार होते. हैदराबादेत आणि पुढे लाहोरला त्यांनी या धंद्यावर चरितार्थ चालवला. धनिकांचे चेहरे रंगवणारा माणूस पंडित झाला आणि त्याचा मायनाच बदलला : ‘चित्रकार’ मागे पडून ‘पंडित’ पुढे आले. त्यांच्या चित्रांचे काय झाले, हा प्रश्न फारसा कोणाला पडत नाही.

स्त्रीचे अक्षर या पत्रव्यवहारात नाही असे आरंभी म्हटले, त्याला काळाने एक उत्तर दिले. धुरंधरांच्या कन्या अंबिका धुरंधर (१९१२–२००९) जे. जे. स्कूलमध्येच शिकल्या, स्वतः चित्रकार झाल्या, आणि ‘माझी स्मरणचित्रे’ हे आठवणींचे पुस्तक त्यांनी मराठीत लिहिले. वडिलांच्या आत्मकथनाशेजारी मुलीचे पुस्तक ठेवून वाचले म्हणजे एकाच घराकडे दोन अंगांनी पाहता येते. वडिलांच्या लेखनात संस्था पुढे आहे. मुलीच्या लेखनात माणसे, घर आणि प्रवास पुढे येतात.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व्यक्तिचित्रकाराचा गिऱ्हाईकवर्ग बदलत गेला. संस्थानिकांच्या जोडीला नगरपालिका, ग्रंथसंग्रहालये, शिक्षणसंस्था आणि व्यापारी मंडळ्या आल्या. संस्थापकाचे तैलचित्र सभागृहात लावणे हा सार्वजनिक जीवनाचा एक विधी झाला, आणि त्याबरोबर पत्रांचा एक नवा प्रकार जन्मला. पत्र आता एका व्यक्तीचे नसते, समितीचे असते. चिटणीस ‘सभेच्या ठरावानुसार’ लिहितो. वर्गणी जमली नाही म्हणून अनावरण पुढे ढकलले जाते. मायना ‘रा. रा.’ हाच, दोन्ही बाजूंनी. ज्याचे चित्र काढायचे तो बहुधा दिवंगत असतो. त्यामुळे रोखून पाहण्याचा जो मूळ परवाना, त्याचीच गरज संपते. चित्रकारासमोर एक लहानसा, काळापांढरा, कडा पिवळ्या पडलेला फोटो असतो.

आणि येथे पत्राला एक अनपेक्षित काम मिळते. फोटोत रंग नसतो. तेव्हा चित्रकार कुटुंबीयांना विचारतो : वर्ण गोरा होता की गव्हाळ? पगडी लाल की किरमिजी? उपरण्याचा काठ कोणत्या रंगाचा? गंध उभे लावीत की आडवे? डोळे काळे की घारे? उत्तर मुलाला किंवा सुनेला लिहावे लागते. ज्यांनी आयुष्यात कधी कोणाचे वर्णन लिहिले नाही अशा माणसांना आपल्या वडिलांच्या डोळ्यांचा रंग शब्दांत मांडावा लागतो. ते अडखळतात, दोघांची मते पडत नाहीत, पत्र पुन्हा लिहिले जाते. पूर्वी दरबारात चित्रकाराने चेहऱ्याकडे पाहण्याची परवानगी मागितली होती. येथे तो चेहऱ्याची आठवण मागतो. अशी पत्रे जुन्या संस्थांच्या फाइलींत सापडण्याजोगी आहेत, आणि त्यांच्या अखेरीस मोबदल्याच्या ओळीआधी एक विनंती बहुधा असते : काम झाल्यावर फोटो जपून परत पाठवावा, घरात तेवढा एकच आहे.